ओझरला आराखडाही हवा

आज २३ डिसेंबर. १९४० साली याच दिवशी बंगळुरात ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड’ या कंपनीची नोंदणी झाली. देशात विमाने बांधण्याच्या उद्योगाला आज ८५ वर्षे पूर्ण झाली. पुढे कंपनीचे नाव ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ झाले आणि कागदोपत्री ती एचएएल झाली. पण नाशिकजवळच्या ओझर, पिंपळगाव, निफाडकडच्या जुन्या माणसांसाठी आग्रा रोडवरचा तिचा कारखाना अजूनही ‘मिग’च आहे. मुलगा ‘मिगमध्ये’ लागला, असेच तिथे म्हणतात. सुखोई येऊन वीस वर्षे झाली तरी त्या बोलण्यात फरक पडलेला नाही.

यंदाचा वर्धापनदिन नाशिकसाठी मात्र नेहमीचा नाही. २६ सप्टेंबरला चंदीगडमध्ये हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. ज्या विमानासाठी ओझरच्या माळावर कारखाना उभा राहिला, ते ६२ वर्षांच्या सेवेनंतर थांबले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत ओझरमध्ये जोडलेले पहिले तेजस मार्क-१ए ओझरच्याच धावपट्टीवरून उडाले. त्याच दिवशी एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची उत्पादन लाइनही सुरू झाली. भाषणे झाली, फोटो छापून आले, नाशिककरांना अभिमान वाटला, आणि तो वाटायलाच हवा होता. आता मांडव उतरला आहे, तेव्हा एक प्रश्न विचारायला हरकत नाही. साठ वर्षे विमाने बांधणाऱ्या या गावाला विमान आखायला कधी मिळणार?

हा प्रश्न एचएएलच्या जन्माइतका जुना आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी काढली तेव्हा राज्य इंग्रजांचे होते आणि हिंदुस्थानात विमाने बनावीत असे इंग्रजांना मनापासून वाटत नव्हते. वालचंदांचा नाशिक जिल्ह्याशी संबंध त्याआधीचा. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचा साखर कारखाना त्यांनी १९३३ मध्ये उभा केला होता. रावळगावची गोळी तोंडात घोळवत मोठ्या झालेल्या पिढ्यांना याच माणसाने देशातला पहिला विमान कारखाना काढला हे फारसे माहीत नसते. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी पडली. पॉलीचा चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना होता. तसाच आपल्याकडे का नको, असे वालचंदांनी तिथेच ठरवले. दिल्लीत आणि लंडनमध्ये त्यांनी किती दारे ठोठावली असतील याची कल्पनाच केलेली बरी. अखेर म्हैसूर संस्थान आणि त्याचे दिवाण मिर्झा इस्माईल पुढे आले, बंगळुरात जागा मिळाली आणि ४ कोटींच्या अधिकृत भांडवलावर कंपनी सुरू झाली. १९४१ मध्ये हार्लो नावाचे छोटे प्रशिक्षण विमान तिथे तयार झाले. अमेरिकन बनावटीचे, पण हिंदुस्थानी कामगारांनी उभे केलेले.

पुढे जपान ब्रह्मदेशापर्यंत आला. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले आणि १९४३ पासून कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यात दुरुस्तीचा डेपो म्हणून गेला. विमान बांधायला काढलेली कंपनी दुसऱ्यांची विमाने दुरुस्त करू लागली. युद्धाच्या धामधुमीत हे समजण्यासारखे आहे. पण त्या दिवसांत कंपनीला जे वळण लागले ते पुढे पुरते सुटले नाही, असे आमचे मत आहे. हाताचे काम तिने उत्तम केले. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला निकामी करून टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बर विमाने याच कंपनीने डागडुजी करून उडती केली आणि नव्या स्वतंत्र देशाच्या हवाई दलाला बॉम्बरची पहिली तुकडी मिळवून दिली. भंगारातून बॉम्बर उभे करणारे कारागीर जगात फार नसतील.

आखणीची बाजूही तेव्हा अगदीच रिकामी नव्हती, आणि तिथे पुन्हा एक मराठी नाव येते. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले होते. वायुगतिशास्त्रातले ते त्या काळचे सर्वांत मोठे घराणे. घाटग्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आखले गेले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. स्वतंत्र भारताने स्वतः आखून उडवलेले ते पहिले विमान. मग पुष्पक, कृषक आणि १९६४ मध्ये जेट प्रशिक्षक किरण. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या एचटी-२ आणि किरणवर शिकल्या. १७ ऑक्टोबरला ओझरला ज्या एचटीटी-४० ची लाइन सुरू झाली, ते या घराण्यातले आजचे अपत्य. त्याचे फोटो तेजसच्या मागे झाकले गेले. आम्हाला मात्र ते विमान तेजसइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण ते एचएएलने स्वतःच्या हिमतीवर आखले आणि हवाई दल परदेशी विमानाकडे झुकलेले असताना टिकवले. अशी सत्तर विमाने हवाई दल घेणार आहे.

घाटग्यांच्या जोडीला बंगळुरात त्या काळी दुसरेही एक काम चालू होते, ते ब्रिटिश कंपन्यांची विमाने परवान्यावर बांधण्याचे. पर्सिव्हलचे प्रेंटिस, डी हॅविलंडचे व्हँपायर, फॉलंडचे नॅट. कानपूरला हॉकर सिडलीचे ७४८, ज्याला आपण ‘अॅव्हरो’ म्हणतो. नॅटची कथा तर ऐकण्यासारखी आहे. टेडी पेटर या हट्टी आखणीकाराने लढाऊ विमाने फार जड आणि महाग होत चालली आहेत म्हणून हे इवलेसे विमान काढले. ब्रिटिश हवाई दलाने ते लढाऊ म्हणून घेतलेच नाही, फक्त प्रशिक्षणाला वापरले. भारताने १९५६ मध्ये त्याचा परवाना घेतला आणि १९६५ च्या युद्धात याच नॅटने पाकिस्तानच्या सेबर विमानांना जेरीस आणले. पण तोवर फॉलंड कंपनी स्वतःच्या नावाने उरली नव्हती. १९५९ मध्ये ती हॉकर सिडलीने घेतली होती.

फॉलंडचे जे झाले तेच बाकीच्यांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये विमान कंपन्या डझनाहून जास्त होत्या. पैसा आटला, क्षेपणास्त्रांचा काळ आला, सरकारने ‘एकत्र या नाहीतर कामे मिळणार नाहीत’ असा दम भरला. १९६० च्या आसपास डी हॅविलंड, ब्लॅकबर्न वगैरे हॉकर सिडलीत गेल्या. इंग्लिश इलेक्ट्रिक, व्हिकर्स, ब्रिस्टल यांची ब्रिटिश एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन झाली. १९७७ मध्ये या दोन्हींचे राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश एरोस्पेस झाली, ऐंशीच्या दशकात ती पुन्हा खाजगी झाली आणि १९९९ पासून ती बीएई सिस्टिम्स आहे. आपण ज्यांची विमाने जोडली त्यांतली एकही कंपनी आज त्या नावाने शिल्लक नाही. एचएएल आहे. यावर कुणी छाती फुगवील तर त्याने जरा थांबावे. ब्रिटनमध्ये पाट्या उतरल्या तरी आखणीची खोली कधी बंद पडली नाही. एका कंपनीतून दुसरीत तीच माणसे, त्यांचे शिष्य, त्यांच्या वह्या जात राहिल्या. रोल्स-रॉईस १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा एका हुजूरपक्षीय सरकारने रातोरात तिचे राष्ट्रीयीकरण केले, कारण इंजिनाची विद्या बुडू द्यायची नव्हती. आपल्याकडे याच्या उलट झाले. आपली पाटी अखंड राहिली आणि आखणी मध्येच तुटली.

ती कशी तुटली याचे उदाहरण म्हणजे मरुत. कुर्ट टँक या जर्मन आखणीकाराला बोलावून बंगळुरात आखलेले हे लढाऊ विमान १७ जून १९६१ ला उडाले. आकाराने देखणे, पण त्याला जे ताकदवान ऑर्फियस इंजिन मिळायचे होते ते ब्रिटनने पुढे नेले नाही, आणि पैसे घालून ते पूर्ण करून घेण्याची तयारी आपणही दाखवली नाही. मग कमी ताकदीच्या इंजिनावरच मरुत उडत राहिले. १४७ बांधली गेली, १९७१ च्या युद्धात लोंगेवालाच्या वाळवंटात ती लढलीही, पण पुढची आवृत्ती निघाली नाही. त्यानंतर भारताने आखलेले लढाऊ विमान हवेत गेले ते थेट ४ जानेवारी २००१ ला. ते तेजस. मधली चाळीस वर्षे म्हणजे एका माणसाची पूर्ण नोकरी. ज्यांनी मरुत आखले त्यांतले तेजसला शिकवायला कितीसे उरले असतील?

नाशिकच्या कारखान्याचा जन्म नेमका या चाळीस वर्षांतला. १९६२ मध्ये पाकिस्तानच्या अमेरिकन एफ-१०४ ला उत्तर म्हणून ध्वनीपेक्षा वेगवान विमान हवे होते. ब्रिटनचे लायटनिंग चर्चेत होते आणि दिल्लीने रशियाकडे जाऊ नये म्हणून लंडन-वॉशिंग्टनची धडपड चालली होती. पण मॉस्कोने रुपयात पैसे घेण्याची आणि भारतात कारखाना उभारून देण्याची, अशी दोन्ही तयारी दाखवली. ऑगस्ट १९६२ मध्ये मिग-२१ चा करार झाला. दोन-तीन महिन्यांत चीनचे आक्रमण झाले, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. १९६३ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले ते नाशिकमधून आणि तेही बिनविरोध. कारखाना नाशिकला आला तो यशवंतरावांमुळे, असे नाशिककर मानतात. तसे मानायला कारणही आहे. मिगसाठी वेगळी काढलेली ‘एरोनॉटिक्स इंडिया’ ही कंपनी १ ऑक्टोबर १९६४ ला जुन्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये मिसळली आणि आजची एचएएल झाली. विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी वाटणी ठरली.

ओझरला जे झाले ते एका शेतकरी तालुक्याच्या दृष्टीने चमत्कारच होता. आधी रशियातून खोक्यांत सुटे भाग आले, ते जोडायचे. मग मोठे जोड इथे तयार करायचे. मग कच्च्या धातूपासून सुरुवात. ऑक्टोबर १९७० मध्ये कच्च्या मालापासून इथे बांधलेले पहिले मिग-२१ हवाई दलाच्या हाती पडले. दुसऱ्याच वर्षी युद्ध झाले आणि १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर मिग-२१ नी रॉकेट सोडली. आयटीआयमधून आलेला फिटर, टर्नर, वेल्डर, शीटमेटलवाला इथे मायक्रॉनच्या हिशेबात विचार करायला शिकला. टाऊनशिप, शाळा, फॅक्टरीच्या बसगाड्या, पाळीच्या भोंग्यावर लागलेली घड्याळे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत जी माणसे पुढे कारखानदार झाली, त्यांच्यात या शिस्तीत घडलेलेही होते. एक मध्यमवर्ग इथे ‘मिग’ने उभा केला आणि नाशिकच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी तितकी झालेली नाही. गोदावरी, कुंभमेळा, द्राक्षे आणि आता वाईन, एवढ्यावर आपण नाशिकची ओळख संपवतो.

मिग-२१ च्या तीन पिढ्या, मग मिग-२७, मग सुखोई-३० एमकेआय. २००० मध्ये सुखोईचा परवाना झाला, २००४ मध्ये ओझरचे पहिले सुखोई हवाई दलाला मिळाले आणि २०२० च्या सुरुवातीला २२२ वे बाहेर पडले. हवाई दलाच्या लढाऊ ताकदीचा कणा असलेले हे विमान बहुतांशी नाशिकचे आहे. ओझरचे सुखोई रशियातून तयार आणलेल्यापेक्षा महाग पडते, अशी टीका संरक्षणाच्या वर्तुळात सतत झाली आणि ती खोटी नाही. थोडी संख्या, अनेक टप्पे, प्रत्येक टप्प्यावर मूळ मालकाकडून येणारा माल, असे असले की ते महाग पडणारच.

परवाना म्हणजे काय ते नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला समजावून सांगायची गरज नाही. परदेशी वाणाची बाग इथल्या मातीत लावता येते, तिची छाटणी आणि गोडी आपण मूळ मालकापेक्षा सरस उतरवू शकतो, पण वाण त्याचा, स्वामित्वशुल्क त्याचे, आणि पुढचा वाण कोणता काढायचा हे ठरवणारही तोच. विमानात तर याहून कडक. कुठल्या भागाला कोणता मिश्रधातू, किती तापमानाला किती वेळ भाजायचा, रिव्हेट किती अंतरावर, हे सगळे कागदावर येते. ते असेच का, दुसऱ्या प्रकारे केले तर काय होईल, आधी काय करून पाहिले आणि काय मोडले, याच्या वह्या मालक स्वतःकडे ठेवतो. साध्या ब्रॅकेटची जागा बदलायची तरी त्याला विचारावे लागते. साठ वर्षे असे काम करणारा कारागीर निष्णात होतो, पण प्रश्न विचारण्याची त्याची सवय मोडते.

या व्यवस्थेची किंमत फक्त पैशात मोजली गेली नाही. मिग-२१ ला ‘उडती शवपेटी’ म्हणणारे मथळे नाशिकच्या कामगारालाही झोंबत. अपघात खूप झाले, शेकडो विमाने पडली, तरणेताठे वैमानिक गेले. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ ला राजस्थानात सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले, आणि त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी सुरक्षित विमाने आणि चांगले प्रशिक्षण यांसाठी सरकारशी वर्षानुवर्षे झुंज दिली. अपघातांची कारणे अनेक होती: म्हातारी विमाने, एकच इंजिन, उतरतानाचा प्रचंड वेग, देखभालीतल्या त्रुटी, पक्षी. त्यांत एक कारण असे होते की सावकाश उडणाऱ्या किरणवरून उतरलेल्या पोराला मधली पायरी न देता आपण थेट मिगमध्ये बसवत होतो. ही पायरी हवी असे एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ मध्येच सांगितले होते. त्यासाठीचे ब्रिटिश हॉक विमान घेण्याचा करार झाला मार्च २००४ मध्ये. बावीस वर्षे फाइली फिरत राहिल्या. किरण ज्यांनी आखले त्यांना याच काळात पुढचा जेट प्रशिक्षक आखायला लावले असते तर? हॉकच्या ६६ पैकी ४२ विमाने पुन्हा परवान्यावर बंगळुरात बांधली गेली. बीएई सिस्टिम्सला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी आपले विमान चांगल्या भावाने विकले.

मात्र ओझरने फक्त कित्ता गिरवला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोन कामे अशी आहेत की जिथे नाशिकने डोके चालवले. पहिले, जुन्या मिग-२१ बिसला नवे रडार, नवी शस्त्रे, नवी उपकरणे बसवून तयार झालेले बायसन. सव्वाशे विमानांचे हे काम ओझरला झाले. २७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान जे विमान घेऊन उडाले ते बायसनच. दुसरे, ब्राह्मोस. अडीच टनांचे क्षेपणास्त्र सुखोईच्या पोटाखाली लटकवायचे तर सांगाडा मजबूत करावा लागतो, वायरिंग आणि सॉफ्टवेअर बदलावे लागते, क्षेपणास्त्र सुटताना विमानाचा तोल राखावा लागतो. हे काम स्वतः करायचे असे एचएएलने ठरवले आणि २५ जून २०१६ ला ब्राह्मोस घेऊन सुखोई नाशिकहून उडाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये बंगालच्या उपसागरावर त्यातून ब्राह्मोस डागलेही गेले. सुखोई आणि ब्राह्मोस ही जोडी जगात दुसऱ्या कुणी जमवलेली नव्हती.

विमानांच्या सुधारणांची आखणी करणारे एचएएलचे एक संशोधन केंद्र ओझरलाच आहे, हे किती नाशिककरांना ठाऊक आहे? नाव लांबलचक, ‘एअरक्राफ्ट अपग्रेड रिसर्च अँड डिझाइन सेंटर’. धावपट्टीवरून शारजाला शेळ्या-मेंढ्यांची विमाने सुटली तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरले, आमच्यासकट. या केंद्रावर कुणी अर्धा रकानाही लिहिला नाही.

आमचे म्हणणे याच केंद्रापासून सुरू होते. हवाई दलाच्या ८४ सुखोईंचे आधुनिकीकरण करण्याच्या प्रस्तावाला संरक्षण खात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आहे. नवे रडार, नवा कॉकपिट, नवी इलेक्ट्रॉनिक युद्धसामग्री, तीही शक्य तितकी देशी. सुखोईचा प्रत्येक सांधा ज्यांच्या हाताखालून गेला, ज्यांनी त्यावर ब्राह्मोस बसवले, त्या नाशिककडेच या कामाच्या आखणीचे नेतृत्व असायला हवे. बंगळुरात आराखडा निघणार आणि ओझरला त्याची नुसती अंमलबजावणी होणार असेल, तर मॉस्कोच्या जागी बंगळूर आले, एवढाच फरक. बंगळूरच्या लोकांना हे आवडणार नाही. त्यांच्याकडे घाटग्यांपासूनची परंपरा आहे आणि तिच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण एका देशात लढाऊ विमान आखणारी दोन गावे असली तर बिघडते कुठे? ब्रिटनने वॉर्टनलाही आखणी केली आणि किंग्स्टनलाही.

दुसरी गोष्ट कामाच्या सातत्याची. मिग-२७ चे काम नव्वदच्या दशकात संपले आणि सुखोई २००४ ला आले. सुखोई २०२० ला संपले आणि तेजस २०२५ ला आले. मध्ये बायसन होते, ओव्हरहॉल होते, दुरुस्ती होती, पण नवे विमान नव्हते. या दोन्ही खंडांत ओझरच्या टाऊनशिपमध्ये कामगारांची काळजी काय होती ते जवळच्या लोकांना आठवत असेल. कुशल माणूस निवृत्त होतो, त्याच्या हाताखाली नवा कुणी नसतो, आणि पाच वर्षांनी लाइन पुन्हा सुरू करताना तीच विद्या पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा करार झाला, त्यामुळे यंत्रे चालू राहिली हे बरे झाले. पण बारा विमानांवर एक पिढी घडत नाही.

आता तेजस. नाशिकच्या लाइनची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. बंगळूरच्या दोन लाइनी धरून एकूण चोवीस. मागणीची चिंता नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा आणि यंदा २५ सप्टेंबरला आणखी ९७ विमानांचा करार झाला आहे, दुसरा एकटाच ६२ हजार कोटींच्या वर. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत आणि मिग-२१ गेल्यावर २९ उरल्या आहेत. तरीही ८३ मधले जे पहिले विमान मार्च २०२४ ला मिळायचे होते, ते अजून हवाई दलाच्या ताब्यात नाही. फेब्रुवारीत बंगळूरच्या एअरो इंडियात हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी एचएएलवरचा अविश्वास कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवला. कंपनीने इंजिनाकडे बोट दाखवले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने करारातले पहिले एफ-४०४ इंजिन यंदा मार्चमध्ये पाठवले, हे खरेच आहे. १९८९ मध्ये मंजूर झालेले आपले कावेरी इंजिन तेजसला बसले नाही, हेही खरे. मरुतच्या वेळी ऑर्फियस, तेजसच्या वेळी एफ-४०४. सहा दशकांनीही विमानाचे हृदय बाहेरूनच येते, आणि ते वेळेवर येईल की नाही हे दुसरा देश ठरवतो. आसन ब्रिटनच्या मार्टिन-बेकरचे, सुरुवातीच्या विमानांचे रडार इस्रायलचे. आसनाबद्दल कुणाची तक्रार नाही, जगात बहुतेक जण तेच वापरतात. इंजिनाची गोष्ट वेगळी आहे.

२१ नोव्हेंबरला दुबईच्या विमानप्रदर्शनात तेजस कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. त्यावरून लगेच तेजसला मोडीत काढणाऱ्यांची घाई आम्हाला मान्य नाही. चौकशी होऊ द्यावी आणि तिचा निष्कर्ष, कितीही अडचणीचा असला तरी, जाहीर व्हावा. विमान आपले असण्याचा हा एक फायदा आहे. चूक सापडली तर दुरुस्तीसाठी कुणाचा परवाना मागावा लागत नाही.

राहता राहिला नाशिकच्या छोट्या उद्योगांचा वाटा. ओझरच्या नव्या लाइनीमुळे सुमारे हजार रोजगार आणि परिसरात चाळीसहून अधिक पुरवठादार उभे राहतील, असे ऑक्टोबरमध्ये सांगण्यात आले. लाइनीवर ५०० कोटींच्या आसपास खर्च झाला आहे. सातपूर-अंबडचे वर्कशॉपवाले मोटारींचे भाग बनवण्यात वाकबगार आहेत, पण विमानाच्या एका बोल्टसाठी जी प्रमाणपत्रे, जी तपासणी यंत्रणा आणि जितकी वर्षे धीर लागतो ते सगळे छोट्या कारखानदाराला स्वतःच्या खिशातून परवडत नाही. इथे राज्य सरकारचे काम आहे. सामाईक चाचणी प्रयोगशाळा, मिश्रधातू तपासण्याची सोय, जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि आयटीआयमध्ये विमानबांधणीचे अभ्यासक्रम, ते शिकवायला ओझरमधून निवृत्त झालेले फोरमन. यशवंतरावांचे नाव भाषणात घेणे सोपे आहे. त्यांनी कारखाना आणला तेव्हा फक्त भूमिपूजन केले नव्हते, माणसे शिकवण्याची व्यवस्थाही उभी राहिली होती.

एचएएलकडे आमची मागणी साधी आहे. ८४ सुखोईंच्या आधुनिकीकरणाच्या आखणीची जबाबदारी ओझरच्या केंद्राला द्यावी आणि त्यासाठी तिथे नवे अभियंते भरावेत. नाशिकमधल्या पुरवठादारांची यादी आणि त्यांना मिळालेल्या कामाचा आकडा दरवर्षी जाहीर करावा. आणि नाशिकच्या लाइनीवरून प्रत्यक्ष हवाई दलाच्या ताब्यात किती विमाने गेली, हे दर वर्धापनदिनाला सांगावे. शब्द दिलेला आकडा वर्षाला आठ आहे. जिल्ह्यातल्या खासदार-आमदारांनी पुढच्या २३ डिसेंबरला सत्कार आणि फलक बाजूला ठेवून हाच हिशेब मागावा.